हा देव कशाचा? प्राचीन इजिप्तच्या देवांची कामं

मागच्या व्याख्यानात आपण नाईल, तिचा पूर आणि त्या पुरावर उभी राहिलेली शेती पाहिली. आजचा विषय देवांचा. हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा देव कशाचा? रा सूर्याचा, ओसायरिस मृतांचा, थोथ लेखनाचा, हथोर प्रेमाची, सेखमेट युद्धाची. शाळेच्या पुस्तकात असा तक्ता असतो. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो हातात धरून इजिप्तच्या एखाद्या देवळात गेलात, तर पहिल्या भिंतीपाशीच गोंधळ होईल.

साधं उदाहरण घ्या, सूर्याचं. सकाळी उगवणारा सूर्य म्हणजे खेप्री. त्याचं चिन्ह शेणाचा गोळा ढकलत नेणारा किडा. माथ्यावर आलेला सूर्य म्हणजे रा. मावळणारा, थकलेला सूर्य म्हणजे आटुम. क्षितिजावरचा सूर्य होरसही आहे, तेव्हा त्याचं नाव रा-होराख्ती. आणि थीब्जचा अमुन, ज्याच्या नावाचा अर्थच ‘लपलेला’, तो पुढे अमुन-रा होतो. आता सूर्याचा देव कोण, हे तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहाल?

इजिप्तच्या माणसाला ही अडचण वाटत नव्हती, कारण त्याचा प्रश्न निराळा होता. ‘हा देव कशाचा’ यापेक्षा ‘हा देव काय करतो, आणि केव्हा करतो’ हे त्याला महत्त्वाचं. आज मी तेवढं एकच सूत्र धरून बोलणार आहे. इजिप्तचे देव म्हणजे कामं आहेत. ती रोज करावी लागतात, आणि त्यातला काही वाटा माणसाचाही आहे.

मग इतकं काम कशासाठी? त्यासाठी जगाची सुरुवात पाहू. आरंभी फक्त पाणी होतं. काळोखं, थांग नसलेलं, कुठेच काठ नसलेलं पाणी. त्याचं नाव नून. त्या पाण्यातून मातीचा एक उंचवटा वर आला आणि त्यावर पहिला देव प्रकटला. हेलिओपोलिसच्या परंपरेत तो आटुम. त्याच्यापासून शू म्हणजे हवा आणि तेफ्नुत. त्यांच्यापासून गेब म्हणजे जमीन आणि नूत म्हणजे आकाश. लक्षात घ्या, जमीन इथे पुरुष आहे आणि आकाश स्त्री. दोघांच्या मध्ये शू हात वर करून उभा आहे, म्हणून आकाश खाली पडत नाही. कितीतरी चित्रांत हे दृश्य आहे.

मेंफिसचे लोक वेगळं सांगत. त्यांचा प्ताह मनात योजतो आणि जिभेने नाव उच्चारतो, की ती वस्तू होते. हा मजकूर शबाका राजाच्या काळातल्या, इ.स.पू. 700 च्या आसपासच्या, एका काळ्या दगडावर कोरलेला आहे. पुढे कोणीतरी तो दळणासाठी वापरला, त्यामुळे मधली अक्षरं झिजून गेली. तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि दक्षिणेला एलेफंटाइन बेटावर गेलात तर मेंढ्याच्या डोक्याचा ख्नूम कुंभाराच्या चाकावर माणसं घडवताना दिसेल. तीन गावं, तीन कथा. यातली खरी कुठली, असा वाद इजिप्तमध्ये झाल्याचं दिसत नाही.

मात्र एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. ते आधीचं पाणी कुठे गेलेलं नाही. जग निर्माण झालं म्हणून नून आटला नाही. तो चहूबाजूंनी आहेच. दरवर्षी पुरात सगळा काळा गाळाचा प्रदेश पाण्याखाली जायचा आणि मग एकेक उंचवटा वर यायचा. हे पाहणाऱ्या माणसाला जगाची उत्पत्ती ही फार जुनी गोष्ट वाटली नसणार. ती दरसाल डोळ्यांसमोर घडत होती.

तर जग म्हणजे अफाट गोंधळातलं एक लहानसं, नीट लावलेलं घर. ही जी नीट लावलेली स्थिती, तिला नाव होतं माआत. सत्य, न्याय, योग्य क्रम, तोलून मापून वागणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. ही माआत देवीही आहे: डोक्यावर शहामृगाचं एक पीस असलेली, बसलेली लहानशी मूर्ती. देवळांच्या भिंतींवर राजा देवाला नाना वस्तू अर्पण करताना दिसतो. त्यातली सर्वांत मोठी भेट सोनं किंवा बैल ही नव्हे. तळहातावर माआतची छोटी मूर्ती ठेवून राजा ती देवापुढे धरतो. म्हणजे काय? ‘तुम्ही जग लावून दिलंत, मी ते लावलेलं ठेवलंय,’ असा तो हिशोब देतो.

आता रात्रीकडे वळू. राजांच्या दरीतल्या थडग्यांच्या भिंतींवर सूर्याचा रात्रीचा प्रवास रंगवलेला आहे. सूर्य मावळला की रा नावेत बसून दुआत या पाताळलोकात शिरतो. बारा तास, बारा दालनं. वाटेत मृतांना उजेड मिळतो. मध्यरात्री रा आणि ओसायरिस यांची भेट होते, आणि दोघं एक होतात. सूर्य हा आत्मा, ओसायरिस हे शरीर. त्या भेटीतून सूर्याला पहाटे उगवण्याचं बळ येतं. पण त्याआधी अपेप आडवा येतो. अपेप हा प्रचंड साप. त्याला सूर्याची नाव उलटवायची आहे. आणि तो रोज रात्री येतो. त्याला मारता येतं, पण कायमचं नाही.

मग नावेच्या टोकाशी भाला घेऊन कोण उभा असतो? सेत! मंडळी, हाच तो सेत, ज्याने आपल्या सख्ख्या भावाला, ओसायरिसला ठार मारलं. तक्त्यात त्याच्यापुढे ‘दुष्ट देव’ असं लिहिलेलं असतं. पण वादळाचा, वाळवंटाचा, आडदांड ताकदीचा हा देव नसेल, तर अपेपसमोर उभं राहण्याची छाती दुसऱ्या कुणात नाही.

ही भावाभावांची कथा थोडक्यात सांगतो. सलग स्वरूपात ती आपल्याला ग्रीक लेखक प्लुटार्ककडून मिळते, म्हणजे इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. इजिप्तच्या मूळ लेखांत ती तुकड्यांनी येते. सगळ्यांत जुने तुकडे पिरॅमिडमधल्या मंत्रांत आहेत. सक्कारा इथल्या उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, साधारण इ.स.पू. 2350 चे. विशेष म्हणजे प्रत्यक्ष खुनाचं वर्णन इजिप्तचे लोक टाळतात. जे लिहिलं ते पुन्हा घडेल अशी धास्ती त्यामागे असावी.

प्लुटार्क सांगतो, नूतला वर्षाच्या कुठल्याही दिवशी मूल होऊ नये असा शाप होता. तेव्हा वर्ष 360 दिवसांचं. थोथने चंद्राशी पट मांडला, त्याच्याकडून थोडा थोडा उजेड जिंकला आणि त्यातून पाच दिवस जास्तीचे तयार केले. ते कुठल्याच महिन्याचे नव्हते, म्हणून शाप त्यांना लागू नव्हता. पहिल्या दिवशी ओसायरिस जन्मला, मग थोरला होरस, सेत, आयसिस आणि नेफ्थिस. इजिप्तच्या पंचांगात हे पाच दिवस खरोखरच होते: बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि वर पाच. हा पहिला दिवस, ओसायरिसचा जन्मदिवस, जरा लक्षात ठेवा. शेवटी तो लागणार आहे.

ओसायरिस राजा झाला, सेतने त्याला मारलं, शरीराचे तुकडे विखुरले. आयसिस आणि नेफ्थिस या बहिणींनी ते शोधून जुळवले. अनुबिसने ते शरीर लेपन करून, पट्ट्या गुंडाळून बांधलं; ती पहिली ममी. आयसिसने त्यात क्षणभर प्राण फुंकला आणि तिला होरस हा मुलगा झाला. ओसायरिस मात्र जिवंतांच्या जगात परत आला नाही. तो मृतांचा राजा झाला.

मग राज्य कोणाचं, काकाचं की पुतण्याचं? रामेसेस पाचव्याच्या काळातल्या, इ.स.पू. 1150 च्या सुमाराच्या एका पपायरसवर या भाऊबंदकीचा खटला आहे. देवांचं न्यायालय 80 वर्षं चालतं! रा-होराख्तीचा कल सेतकडे, कारण तो बलवान. बाकीचे म्हणतात, बापाची गादी मुलाला. देव चिडतात, एकमेकांना टोमणे मारतात, रुसून बसतात. आयसिस सुंदर तरुणीचं रूप घेऊन सेतकडे जाते. म्हणते, ‘माझा नवरा गुराखी होता, तो वारला. आता एक परका माझ्या मुलाला हाकलून गुरं बळकावू पाहतोय.’ सेत भडकतो: ‘मुलगा असताना परक्याला कसली गुरं?’ झालं, स्वतःच्या तोंडाने निकाल! त्यांच्या भाषेत ‘गुरं’ आणि ‘पद’ हे शब्द ऐकायला सारखे होते, त्यावरची ही मख्खी.

अखेर होरस राजा होतो. सेतचं काय होतं? त्याला मारत नाहीत, हाकलतही नाहीत. रा त्याला आपल्याजवळ ठेवून घेतो: तू आकाशात गरज, लोक तुला भ्यायला हवेत. हरलेल्यालाही काम मिळालं. सेती या राजाचं नावच ‘सेतचा’ या अर्थाचं आहे. सेत पुरता खलनायक ठरला तो फार उशिरा, परकी आक्रमणं होऊ लागल्यानंतर, कारण तो परदेशांचाही देव होता.

मेलेल्या माणसापर्यंतही माआत पोचते. अनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस आहे, इ.स.पू. 1250 च्या आसपासचा. त्यात न्यायाचं चित्र आहे. एका पारड्यात मृताचं हृदय, दुसऱ्यात माआतचं पीस. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस तराजू बघतो. शराटी पक्ष्याच्या डोक्याचा थोथ निकाल लिहून घेतो. शेजारी अम्मित बसलेली: तोंड मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. हृदय खोटं निघालं तर ती ते गिळणार, आणि मग त्या माणसाला दुसरं मरण. मृताला 42 देवांसमोर 42 गोष्टी नाकाराव्या लागतात: मी चोरी केली नाही, मी खून केला नाही, मी खोटं बोललो नाही.

इथे प्राण्यांच्या डोक्यांबद्दल बोलून घेऊ. ग्रीक-रोमन लेखकांनी यावरून इजिप्तची पुष्कळ टिंगल केली. पण अनुबिस ‘तसा दिसतो’ असं इजिप्तच्या लोकांना म्हणायचं नव्हतं. त्यांची लिपी चित्रांची, आणि हे डोकं बरंचसं लिपीतल्या चिन्हासारखं वाचायचं. स्मशानाच्या कडेने कोल्हे फिरतात, म्हणून थडग्याच्या राखणदाराला कोल्ह्याचं डोकं. तोच देव कधी पूर्ण प्राणी, कधी पूर्ण माणूस. थोथ तर शराटीही आहे आणि बबून माकडही.

हथोर आणि सेखमेटकडे बघा म्हणजे हे आणखी स्पष्ट होईल. हथोर गाईच्या कानांची. संगीत, प्रेम, मद्य, आनंद तिच्याकडे. एकदा माणसांनी म्हाताऱ्या झालेल्या राविरुद्ध कट केला. राने तिला धाडलं. ती सेखमेट झाली, सिंहीण, आणि कापत सुटली. रा स्वतःच घाबरला: आता कुणी उरणारच नाही. मग रातोरात 7,000 घडे बिअर तयार केली, लाल रंगवली आणि शेतांत ओतली. सकाळी तिने रक्त समजून ती प्यायली, झिंगली, आणि माणसं वाचली. एकच शक्ती, दोन चेहरे. सेखमेट रोगराई आणते, म्हणून तिचे पुजारी वैद्यकीही करत. रोग ज्याच्या हाती, उपाय त्याच्याकडेच मागायचा.

आतापर्यंतचे सगळे मोठे देव झाले. पण घरात कोण होतं? बेस: बुटका, जीभ बाहेर काढलेला, झुपकेदार दाढीचा. आणि तावेरेत: पाणघोड्याचं अंग, पोट पुढे आलेलं. दोघांचं काम बाळंतिणीचं आणि लेकराचं रक्षण. यांना मोठी राज्यव्यापी देवळं नव्हती. ते उशीच्या टेकूवर, पलंगाच्या पायावर, गळ्यातल्या ताइतात असत. देर अल-मदीना हे थडगी बांधणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथे गावामागच्या डोंगराचीच देवी होती, मेरेतसेगेर, नावाचा अर्थ ‘जिला शांतता आवडते ती’. तिथल्या नेफेराबू नावाच्या कारागिराने दगडावर कोरून ठेवलंय की मी प्ताहची खोटी शपथ घेतली आणि त्याने मला दिवसाढवळ्या अंधार दाखवला. आणखी एका दगडावर तो सांगतो, डोंगराच्या देवीचा अपराध केला, तिने शिक्षा केली, मग कळवळून माझ्याकडे वळली. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका कामगाराची ही कबुली आहे.

आता माणसाचा वाटा. रोज पहाटे प्रत्येक देवळात एक पुजारी गाभाऱ्याच्या दाराशी जाई. दारावरची मातीची मोहर फोडायची, कडी काढायची, दार उघडायचं, मूर्तीपुढे लोटांगण. मग धूप, स्नान, तेल, वस्त्रं, जेवण. निघताना दार पुन्हा मोहरबंद करायचं आणि आपल्या पावलांचे ठसे झाडून पुसत मागे यायचं. जेवण देवाने ‘घेतलं’ की ते पुजाऱ्यांत वाटलं जाई. नैवेद्य आणि प्रसाद म्हटलं की तुम्हाला लगेच कळेल. पण एक फरक ध्यानात ठेवा: सामान्य माणसाला गाभाऱ्यापर्यंत दर्शनाला जाता येत नसे. त्याला देव भेटे तो सणाला, नावेतून मिरवत बाहेर आल्यावर. तेव्हा लोक देवाला प्रश्न विचारत. खांद्यावरची नाव पुढे आली तर ‘हो’, मागे गेली तर ‘नाही’.

भिंतीवरच्या चित्रांत ही पूजा नेहमी राजाच करतो, कारण कायद्याने पुजारी तोच. प्रत्यक्षात त्याच्या वतीने इतर करत. बरेचसे पुजारी आळीपाळीचे होते: चार गट, प्रत्येकाला एक महिना पाळी, मग तीन महिने आपापल्या घरी. म्हणजे जग चालू ठेवण्याचं काम कोण करत होतं? महिनाभरापूर्वी स्वतःच्या घरी असलेला माणूस, डोकं आणि अंग भादरून, आंघोळ करून, हातात दिवा घेऊन.

हे काम थांबलं तर? ही शंका नुसती तात्त्विक नव्हती. इ.स.पू. 1350 च्या सुमाराला अखेनातेन राजाने सूर्यबिंबाला, आतेनला, सर्वस्व मानलं. अमुनचं नाव भिंतीभिंतींवरून छिन्नीने खरवडून काढलं. आतेनचं चित्र म्हणजे एक तबकडी आणि हातांचे किरण. त्याला शत्रू नाही, बायको नाही, रात्रीचा प्रवास नाही. तो मावळला की जग नुसतं झोपतं. आणि गंमत बघा, त्याच्या नव्या राजधानीत, अमार्नात, घरं उकरली तेव्हा बेस आणि तावेरेतचे ताईत सापडले. बाळंतिणीच्या उशाशी आतेन पुरत नव्हता.

त्याच्यानंतर आलेल्या तुतनखामुनच्या नावाने कार्नाकला सापडलेला एक शिलालेख आहे. त्यात म्हटलंय की देवळं ओस पडली होती, गाभाऱ्यांत गवत माजलं होतं, वाटसरू तिथून पायवाट काढत होते, फौजेला यश नव्हतं, आणि देवाला हाक मारली तर तो येत नव्हता. हा राजकीय मजकूर आहे, अतिशयोक्ती आहेच. पण ती कशाची आहे ते पाहा. देव कोपले असं तो म्हणत नाही. देव निघून गेले, असं म्हणतो.

इजिप्तचे देव अमर नव्हते, हे इथे जोडून पाहा. ओसायरिस मेला. रा म्हातारा झाला. एका कथेत तर त्याच्या तोंडातून लाळ गळते. मृतांच्या ग्रंथात आटुम सांगतो की शेवटी मी हे सगळं मोडून टाकीन आणि जग पुन्हा पाण्यात जाईल. अंत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. रोजचा सगळा खटाटोप ‘तो आज नको’ एवढ्यासाठी होता.

आणि मग एक दिवस तो खटाटोप खरोखरच थांबला. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं. सम्राट थिओडोशियसने 391-392 मध्ये जुन्या पूजांवर बंदी घातली. दक्षिण टोकाला, फिले बेटावर, आयसिसचं देऊळ तेवढं टिकलं, कारण पलीकडचे न्युबियन लोक तिचे भक्त होते. तिथल्या एका दारावर मांदुलिस या न्युबियन देवाची आकृती आहे आणि शेजारी चित्रलिपीतला लेख. कोरणारा आयसिसचा पुजारी, नाव एस्मेत-अखोम. तारीख 24 ऑगस्ट 394. तारीख सांगता येईल असा चित्रलिपीतला हा आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख. आणि खाली साध्या लिपीत त्याने नोंदवलंय की आज ओसायरिसचा जन्मदिवस. थोथने चंद्राकडून जिंकलेल्या पाच दिवसांतला तो पहिला! बाहेर सगळं बदललं होतं, तरी पंचांगातला दिवस त्याने चुकवला नाही. हा लेख सर्वकाळ टिको, असंही त्याने लिहिलं आहे.

सहाव्या शतकात, 535-537 च्या सुमाराला, सम्राट जस्टिनियनने ते देऊळ बंद केलं. मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला नेल्या, देवळाचं चर्च झालं. पुढे कित्येक शतकं ही अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती, ती 1822 मध्ये शॉंपोलियनने उलगडेपर्यंत. अस्वान धरणाच्या पाण्यात फिले बुडू लागलं, तेव्हा देऊळ दगड दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर उचलून नेलं. तिथे आज ते पाहता येतं. पाणी चढत येतंय आणि माणसं देवाचं घर उंचवट्यावर हलवतायत, हे एस्मेत-अखोमला अजिबात नवीन वाटलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात इजिप्तची मूर्ती समोर आली, तर ‘हा देव कशाचा’ एवढ्यावर थांबू नका. याची पाळी केव्हाची, हा कुणाला आवरतो, आणि याचं दार सकाळी कोण उघडायचं, हेही विचारा. पुढच्या व्याख्यानात आपण हे दार उघडणाऱ्यांकडे वळू: पुजारी, त्यांची मिळकत आणि देवळांच्या जमिनी.